मूळचे कुठले?

कोल्ड ब्रूची कृती दोन ओळींत संपते. दळलेली कॉफी थंड पाण्यात भिजत घालायची, बरणी फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गाळून घ्यायची. छत्रपती संभाजीनगरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, गॅससमोर उभं न राहता कॉफी मिळते हा मोठाच फायदा. यूट्यूबवरचे बहुतेक लोक सांगतात की याला डार्क रोस्ट घ्या. चॉकलेटी चव येते, माप थोडं चुकलं तरी चालून जातं. मी लाइट रोस्ट घेतो आणि त्यामुळे काम वाढतं.

दाणा भाजताना साधारण २०० अंशांच्या आसपास लाह्यांसारखा तडतडतो. त्याच्या थोडं पुढे जाऊन थांबलं की लाइट रोस्ट. हा दाणा घट्ट राहतो, पाण्याला सहजासहजी काही देत नाही. थंड पाण्याला तर नाहीच नाही. म्हणून दळण नेहमीच्या कोल्ड ब्रूपेक्षा एक घर बारीक आणि वेळ जास्त. माझं माप ६० ग्रॅमला ६०० मिली पाणी, फ्रिजमध्ये २० तास. मग सुती कापडातून एकदा आणि कागदी फिल्टरमधून एकदा. जमलं तर जे मिळतं ते कॉफीपेक्षा चहाच्या जवळचं असतं. रंग पातळ, वास फुलांचा, शेवटी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी जिभेवर राहतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर लाइट रोस्टवाल्यांचा एक सिद्धांत आहे. भाजणं जितकं कमी, तितकं दाण्याचं मूळ जास्त दिसतं. जास्त भाजलं की सगळ्या कॉफ्या भाजण्याच्या चवीच्या होतात, कमी भाजलं की डोंगर, माती, उंची बोलायला लागतात. म्हणून पाकिटावर प्रदेश असतो, समुद्रसपाटीपासूनची उंची असते, झाडाची जात असते (हो, जातच), फळ धुऊन वाळवलं की तसंच वाळवलं तेही असतं. एरवी मी चिकमगळूरची कॉफी आणतो. या उन्हाळ्यात बहिणीने दुबईहून इथिओपियाच्या यिर्गाचेफे भागातली एक पिशवी आणली. तिच्यावरचा मजकूर वाचताना मला जाणवलं की हा एखाद्या स्थळाचा बायोडेटा आहे. घराणं, गाव, जात, संस्कार, सगळं क्रमाने.

मूळ जसंच्या तसं दिसतं, हे मात्र मला पटत नाही. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. बोअरचं पाणी खडकातून आलेलं, जड. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आंबट चव मारून टाकतात. त्याच पाकिटातली कॉफी बोअरच्या पाण्यात घाला, इथिओपियाचं लिंबू गायब. आरओच्या पाण्यात घाला, चव सपाट. दोन्ही मिसळून घाला, लिंबू परत. पद्धतीचंही तेच. फिलाडेल्फियाच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये गरम आणि थंड कॉफीची तुलना छापली. दोन्हींचा पीएच जवळपास सारखाच निघाला, पण गरम कॉफीत एकूण आम्लं जास्त उतरली होती. म्हणजे थंड पाणी दाण्याला वेगळे प्रश्न विचारतं आणि वेगळी उत्तरं मिळवतं. माझ्या ग्लासात असतो तो इथिओपिया, अधिक मराठवाड्याचा खडक, अधिक २० तास. यातलं मूळ वेगळं काढून दाखवा म्हटलं तर मला नाही दाखवता येणार.

इथिओपियातून या शहरात आलेलं सगळ्यात मोठं नाव कॉफीचं नाही, मलिक अंबरचं आहे. १५४८च्या सुमारास तिकडे जन्मलेला हा मुलगा, नाव चापू, गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या मोखा बंदरात त्याची किंमत ८० गिल्डर लागली. पुढे बगदाद, मग दख्खन. इथे तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, शहाजीराजे त्याच्या बाजूने भातवडीला लढले, आणि १६१० साली त्याने खडकी गावी राजधानी वसवली. तेच आजचं आपलं शहर. त्याने जमिनीखालून नहरी काढून या कोरड्या गावाला पाणी दिलं. आता मोखा हे नाव पुन्हा वाचा. कॅफेच्या मेन्यूत चॉकलेट घातलेल्या कॉफीला 'मोका' म्हणतात, ते याच बंदरावरून. कॉफीचं रोपही इथिओपियाचं, तीही याच बंदरातून जगभर गेली. बाबा बुदान यांनी सात बिया लपवून कर्नाटकात आणल्या ही दंतकथाही याच येमेनी किनाऱ्यापासून सुरू होते. एकाच वाटेने बीही आलं आणि माणूसही.

बीचं मूळ कौतुकाने सांगितलं गेलं. माणसाचं कसं सांगितलं गेलं? जहांगीर बादशहाला अंबर कधीच कायमचा हरवता आला नाही. म्हणून त्याने १६१६च्या सुमारास अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. हा प्रसंग कधी घडलाच नाही. आत्मचरित्रातही बादशहा त्याच्याबद्दल लिहिताना त्याच्या काळ्या रंगावर घसरतो. अंबरने काय केलं, हा प्रश्न अवघड होता. तो कुठून आला, हे सोपं होतं.

मला अडतं ते इथेच. दाण्याला 'मूळचा कुठला?' विचारणं हा आदर आणि माणसाला तेच विचारणं हा बहुतेक वेळा अपमान, असं का? सोपं उत्तर असं की दाण्याला काही वाटत नाही. पण त्या उत्तराने भागत नाही, कारण दाण्यामागेही माणसं आहेत आणि त्यांना वाटतं. इथिओपिया सरकारने २००५ मध्ये सिदामो, हरार आणि यिर्गाचेफे या नावांचे ट्रेडमार्क अमेरिकेत मागितले. आमच्या गावांच्या नावावर तुम्ही जास्त पैसे घेता, मग नावावर आमचा हक्क हवा, इतकं साधं म्हणणं. अमेरिकेतल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतली. २००७ मध्ये स्टारबक्सशी करार झाला तेव्हा कुठे ते प्रकरण निवळलं. गावाचं नाव सगळ्यांना हवं होतं, गाववाल्यांचा त्यावरचा हक्क मात्र लगेच कुणी मान्य करेना.

आता माझ्या ऑफिसातली गोष्ट. माझा एक सहकारी गेल्या वर्षी भाड्याने टू बीएचके शोधत होता. पगार माझ्याएवढाच, नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. एजंटने फोटो पाठवायचे, याने आवडला म्हणायचं, घरमालकाशी फोन लावून द्यायचा. फोनवर गोड बोलणं सुरू व्हायचं. गाव कोणतं? परभणी. अरे वा, आमची मावशी तिकडची. काय करता? आयटी. छान छान. आणि पूर्ण नाव? नाव सांगितलं की दोन सेकंद शांतता, मग, 'अहो, तो फ्लॅट कालच गेला बघा.' त्याने आडनाव नाही, आधी नावच सांगितलं होतं. तो मुसलमान आहे. त्याच महिन्यात आमच्याच टीममधल्या आणखी एकाला, नाव ऐकून काही कळलं नाही म्हणून, पुढचा प्रश्न विचारला गेला. 'म्हणजे तुम्ही कोण?' मराठीत या तीन शब्दांचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

घरमालक आणि मी, दोघंही मूळच विचारतो. फरक विचारण्याच्या जागेत आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. मी पाकीट वाचतो आणि मग चव घेतो. त्याने नाव ऐकलं आणि चव घ्यायचीच नाही असं ठरवलं. माझा प्रश्न ओळखीची सुरुवात, त्याचा प्रश्न ओळखीच्या ऐवजी. ऐकायला बरं वाटतं. पण कॉफीच्या धंद्यातल्या लोकांचा स्वतःवरच इतका विश्वास नाही. स्पर्धांमध्ये कॉफी चाखतात तेव्हा कपांवर फक्त सांकेतिक आकडे असतात. कारण त्यांना माहीत आहे की 'इथिओपिया' वाचलं की जिभेला आपोआप फुलं लागतात. नाव आधी कळलं की चव घेणारा प्रामाणिक असूनही प्रामाणिक राहत नाही. मीही ती पिशवी आंधळेपणाने चाखली नव्हतीच.

मग नाव झाकणं हा उपाय? आम्हा इंजिनिअर लोकांना तो लगेच आवडतो. रेझ्युमेवरचं नाव काढा, फोटो काढा, फक्त कोड बघा. घरभाड्याचंही एखादं ॲप करा, नाव करार झाल्यावरच दिसेल. मी हे सहकाऱ्याला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणजे मी नाव लपवून घरात शिरायचं? आणि ईदला काय करू, तेव्हाही लपवू?' मग थोडं थांबून, 'तुझ्या त्या पाकिटावर तर केवढं लिहितात. तिकडे कुणी झाका म्हणत नाही.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. निवड करताना नाव झाकलेलं बरं, हे मला आजही वाटतं. मुलाखतीला बसतो तेव्हा मी आधी कोड वाचतो आणि नाव शेवटी. पण झाकून मिळालेली जागा ही त्याची जागा नसते, त्याच्या सांकेतिक आकड्याची असते, हेही खरं. चाखण्याच्या टेबलावर आकडे चालतात, कारण तिथला संबंध अर्ध्या तासाचा. शेजार तसा नसतो. शेजाऱ्याचं नाव पाटीवर असतं, त्याच्या घरचा वास जिन्यात येतो, त्याची पोरं आपल्या पोरांशी भांडतात. तिथे नाव माहीत असून घर द्यावं लागतं. आणि तसं देणारा घरमालक कुठल्याही ॲपने तयार होत नाही.

त्याला शेवटी घर मिळालं, एका निवृत्त बँकवाल्या काकांचं. काकांनीही सगळं विचारलं. गाव, नाव, बायको काय करते, मुलगी कितवीत. नळाला पाणी येईल त्या दिवशी टाकी भरण्याची पाळी कशी लावायची, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकलं. मी घर बघायला गेलो तेव्हा यिर्गाचेफेची बाटली नेली होती. सहकाऱ्याने एक घोट घेतला, काकांना दिला. काका म्हणाले, औषधासारखं लागतंय, आणि आतून दूध-साखर मागवली.