मुक्याची घाई

“मुक्या जनावराला काय कळते!” असे आपण सहज म्हणून जातो. मला प्रश्न उलटा वाटतो : मुक्या जनावराचे आपल्याला काय कळते? घरचे मांजर आजारी पडले की पहिला वाद औषधाचा नसतो, वेळेचा असतो. आत्ताच न्यायचे, की उद्या सकाळी पाहायचे?

माणसांपुरते याचे उत्तर नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे याने दिले. जखमीचा हुद्दा पाहू नका, जखम पाहा. अधिक घायाळ असेल तो आधी. परंतु सैनिक निदान कण्हतो. मांजर दुखणे लपवते, कपाटाखाली गप्प बसून राहते. वर्गावर इतकी वर्षे काढल्यावर मला एवढे उमगले आहे, की मोठ्याने रडणाऱ्यालाच अधिक लागलेले असते असे नाही.

बोका पुनःपुन्हा बसतो, जोर करतो, लघवीचा थेंब पडत नाही. घरातले म्हणतात, “पोट साफ नसेल.” मूत्रमार्ग तुंबला असेल, तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर, पांढऱ्याफटक हिरड्या, पोट टम्म फुगून कोरड्या ओकाऱ्या काढणारा कुत्रा, यांना ‘उद्या सकाळ’ नसते. उलट, एकदा ओकून पुन्हा शेपटी हलवीत ताटाभोवती घुटमळणारा कुत्रा उजाडेपर्यंत खुशाल थांबेल.

म्हणजे थांबणे हे पाप नव्हे. शिक्षकाच्या पगारात रात्रीची रिक्षा आणि डॉक्टरांची फी कशी बसते, हे मी जाणतो. परंतु थांबण्याचेही दोन प्रकार आहेत. दर तासाला उठून श्वास आणि हिरड्या पाहत थांबणे ही काळजी. दिवा मालवून झोपणे हा जुगार, आणि पणाला लागतो तो दुसऱ्याचा जीव. आपल्याच डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चारणे हे तर दयेच्या हाताने विष घालणे होय.

१९६० च्या कायद्याने, पाळलेल्या जनावराला विनाकारण वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य पाळणाऱ्यावर टाकले आहे. पण रात्री दोन वाजता कायदा आपल्याला उठवायला येत नाही. तेव्हा स्वतःलाच विचारावे लागते : मी थांबतो आहे ते त्याला बरे आहे म्हणून, की मला झोप आली आहे म्हणून? याचे उत्तर ते जनावर देणार नाही. म्हणूनच ते आपण खरे द्यायला हवे.