खूण कशाला बांधावी?

एका तालुक्याच्या गावी एक पतसंस्था होती. खर्चाचं प्रत्येक बिल स्कॅन करून ठेवायची शिस्त तिथे नुकतीच लागली होती. एक्सेलच्या नोंदीत तारीख, व्हाउचर नंबर, खातं, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात ‘बिल पाहा’ अशी निळी लिंक. क्लिक केलं की बिल समोर.

ऑडिट जवळ आलं तसं मॅनेजरसाहेबांनी तरुण क्लार्कला फर्मावलं, “खातेवार गोषवारा काढ. आणि बिल त्यातूनच उघडलं पाहिजे.”

पिव्होट टेबलात बेरजा चुटकीसरशी लागल्या. लिंकचा रकाना आत ओढला, तर नुसते ‘बिल पाहा’ हे शब्द उमटले. काळे आणि मुके. पिव्होट मूळ नोंदींतली फक्त मूल्यं उचलतं, त्यांच्यामागे दडलेली लिंक मागेच राहते.

पोरगा हुशार, पण घायकुता. त्याने टेबलाशेजारच्या मोकळ्या रकान्यात ओळीसमोर ओळ धरून एकेक लिंक हाताने चिकटवली. साहेबांनी दोन-चार उघडून पाहिल्या. सगळ्या बरोबर निघाल्या, शाबासकीही मिळाली.

ऑडिटच्या सकाळी राहून गेलेली तीन व्हाउचरं त्याने नोंदीत चढवली आणि ‘रिफ्रेश’ दाबलं. नवी व्हाउचरं आपापल्या खात्यात जाऊन बसली, खालच्या ओळी सरकल्या. शेजारच्या लिंका होत्या तिथेच राहिल्या. ऑडिटरनी छपाईखर्चावर बोट ठेवून क्लिक केलं, तर पडद्यावर चहा-नाश्त्याचं बिल. पुढचं उघडलं, तर डिझेलचं. त्यांनी चष्मा काढला. “साहेब, बिलं खरी आहेत ना?”

एका पैचा घोळ नसताना संस्थेवर संशय आला.

मूळ कागद आणायला रेकॉर्ड रूमच्या मावशींना बोलावलं. त्यांनी नंबर ऐकला आणि हवं ते बिल आणून टेबलावर ठेवलं.

क्लार्कने विचारलं, “मावशी, रंगकामात सगळी कपाटं हलली होती. तरी कसं सापडलं?”

“कप्पा ध्यानात ठेवला असता तर मीही चुकले असते रे. फायलीच्या पाठीवर नंबर आहे ना? कपाट कुठंही जाऊ दे, मी नंबर बघते.”

क्लार्कच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मूळ नोंदीत त्याने प्रत्येक व्हाउचरसमोर स्कॅनचा पूर्ण पत्ता साध्या अक्षरांत लिहिला. पिव्होट टॅब्युलर मांडणीत घेतलं, म्हणजे व्हाउचर नंबरांना स्वतःचा रकाना मिळाला. मग टेबलाच्या डावीकडे सूत्र घातलं, कारण पिव्होट वाढतं ते उजवीकडे आणि खाली. सूत्रात एक्सलुकअप समोरचा व्हाउचर नंबर घेऊन नोंदीतला पत्ता शोधतं आणि हायपरलिंक फंक्शन त्याची लिंक करतं. जुन्या एक्सेलमध्ये हेच काम इंडेक्स-मॅच करतं. सूत्र टेबलाच्या बरंच खालपर्यंत ओढून ठेवलं; ओळ रिकामी असेल तर तेही गप्प राहावं, अशी अट त्यात घातली.

मग त्याने ऑडिटरसमोरच यादी उलटसुलट लावली, पुन्हा रिफ्रेश केली आणि म्हणाला, “आता हवं ते बिल उघडा.”

तात्पर्य: जागेला बांधलेली खूण यादी हलेपर्यंतच खरी असते. खूण नंबराला बांधावी, आणि काम सोपवण्याआधी यादी एकदा स्वतः हलवून पाहावी.