देवाला बोलू तर द्या

मान खाली घालून काही होणार नाही, वर बघा. काल प्रार्थनासभेत मी पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं होतं. फक्त पाच. दुसऱ्याच मिनिटाला मागच्या बाकावरून ‘हालेलुया’ आलं, मग कुणीतरी गिटारची तार चाचपली, आणि ज्याच्यावर सभा सोपवली होती त्यानं घाईघाईनं ‘आमेन’ म्हणून सगळ्यांची सुटका केली. उपवास करता, रात्र-रात्र जागून प्रार्थना करता, आणि पाच मिनिटं जीभ आवरत नाही तुम्हाला?

तुमच्या प्रार्थना मी पुष्कळ ऐकल्या आहेत. नोकरी, व्हिसा, आजीचे गुडघे, दर वाक्याला दोनदा ‘हे प्रभू’. आणि मधूनच, ‘प्रभू, आमच्यातल्या काहींची मनं कठीण झाली आहेत, तू त्यांना स्पर्श कर.’ ते ‘काही’ दुसऱ्या ओळीत बसलेले असतात आणि हे देवापेक्षा त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज चढलेला असतो. तलाठ्याच्या टेबलावर अर्ज ठेवावा, पोच घ्यावी आणि चालू पडावं, तसं तुमचं ‘आमेन’. साहेब काय म्हणतात ते ऐकायला थांबतो कोण!

सवय नाही, हे कारण मला सांगू नका. तुम्ही थांबत नाही, कारण देव काय म्हणेल याचा तुम्हाला अंदाज आहे. भावाशी जमिनीवरून बोलणं तुटलंय, त्याच्याकडे जा म्हणेल. घेतलेले पैसे परत कर म्हणेल. ते कानावर पडू नये म्हणून ही सगळी बडबड.

शब्बाथशाळेत शमुवेलाची गोष्ट तुम्ही पाठ केली. हाक आली, पोरगं उठून याजक एलीकडे धावलं, एलीनं परत पाठवलं, असं तीनदा झालं, इथवर सगळ्यांना येतं. चौथ्यांदा त्यानं काय ऐकलं, ते सांगा बघू कुणी. नाही ना? ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो वाढत होता, त्याच्याच घराण्याचा न्यायनिवाडा त्यानं ऐकला. मुलं वाईट वागत होती आणि बापानं त्यांना आवरलं नाही, म्हणून. पोरगं सकाळपर्यंत पडून राहिलं, उठून परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली, पण सांगायला धजेना. एलीनं खोदून विचारलं तेव्हा बोललं. आता तुमच्यातले, ‘परमेश्वर माझ्याशी बोलला’ म्हणून मंडळीपुढे उभे राहणारे आठवा. त्यांच्याशी देव नेमकं त्यांच्या मनातलंच कसं बोलतो? पसंत पडलेलीच मुलगी, हवा असलेलाच फ्लॅट!

एलीयाचंही तेच. वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो मंद, शांत आवाज, एवढ्यावर तुमचे संदेश संपतात. पुढचं वाचा, १ राजे १९. होरेब डोंगरावर देव त्याला, तू इथे काय करतोस, असं दोनदा विचारतो, एकदा वाऱ्याच्या आधी आणि एकदा त्या आवाजानंतर. एलीयाचं उत्तर दोन्ही वेळा तेच, जणू घोकलेलं: मी एकटाच उरलो. एवढा मोठा संदेष्टा, पण आपलं रडगाणं सोडायला तयार नाही. देव त्याला थोपटत बसत नाही. आल्या वाटेनं परत जा, हजाएल, येहू, अलीशा यांचा अभिषेक कर, असं काम लावतो. आणि जाता जाता त्याचा हिशेबही दुरुस्त करतो: एकटा नाहीस, सात हजार शिल्लक आहेत.

आता कुणीतरी केडगाव काढणार. काढाच. १९०५ साली तिथल्या, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली मोठमोठ्यानं रडत एकाच वेळी प्रार्थना करत होत्या, हे खरं आहे. मोठ्यानं प्रार्थना करणं पाप आहे, असं मी कधी म्हटलं? पण त्याआधी कित्येक महिने तिथे रोज प्रार्थनेला बसणं चाललं होतं. आणि मुली रडत होत्या त्या स्वतःच्या पापाची जाणीव झाल्यामुळे. म्हणजे त्यांच्या कानावर काहीतरी आलं होतं. तुमच्या आरोळ्यांच्या आधी काय येतं? साउंड चेक.

बसायचं कसं, हेही मीच सांगायचं. इग्नाती लोयोला कॅथलिक म्हणून नाकं मुरडू नका. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली रोममध्ये छापल्या गेल्या आणि आजही लोक त्या करतात. तो सांगतो, प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे, प्रभूची प्रार्थना म्हणण्याइतका वेळ उभा राहा आणि देव तुझ्याकडे पाहतो आहे हे ध्यानात आण. मगच बस. जीव उबगला आणि उठावंसं वाटलं, तर ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. आणि उठल्यावर पाव तास, प्रार्थनेत आपलं काय झालं ते तपासायचं. तुम्ही त्या पाव तासात व्हॉट्सअॅप तपासता.

मन भटकेलच. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांच्या ‘साधना’ या १९७८ च्या पुस्तकात पहिलाच धडा मौनाचा आहे. पुढे १९९८ मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या काही मतांबाबत सावध केलं, हे मला ठाऊक आहे; तो वाद इथे नको. गप्प बसल्यावर डोक्यातला गलबला कळतो, एवढं तरी घ्या. कळला, की झटापट न करता परत वळायचं. पुन्हा सुटलं, पुन्हा वळायचं. सगळा वेळ त्यातच गेला तरी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका.

उद्या सकाळपासून सुरू. फोन दुसऱ्या खोलीत, बायबल उघडं, आणि वाचायचं एकच लहानसं प्रकरण. पानं उलटत बसायचं नाही. कुणाला काही ‘ऐकू आलं’ तर रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायला उठायचं नाही, आधी माझ्याकडे यायचं. मी दोन गोष्टी विचारीन: यात तुझा फायदा काय, आणि यापायी तुला काय करावं लागणार आहे? पहिलं उत्तर लांबलचक आणि दुसऱ्याला नुसतं डोकं खाजवणं, असं दिसलं तर परत जाऊन बसायचं.