'थोडे दिवस' म्हणजे नेमके किती?



नाताळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक दृश्य आपण दरवर्षी पाहतो. आखातातून सुट्टीवर आलेला एखादा भाऊ भेटतो. आपण हात मिळवतो, नाताळच्या शुभेच्छा देतो आणि लगेच विचारतो, "कधी आलास?" त्याचे उत्तर पुरे होण्याआधीच आपला दुसरा प्रश्न तयार असतो, "परत कधी?" बिचाऱ्याची बॅग अजून पुरती रिकामीही झालेली नसते!

आम्हा उभयतांना हे दोन प्रश्न चौदा वर्षे विचारले गेले. आता ते आमच्या मुलाला विचारले जातील. पुढच्या महिन्यात तो नोकरीसाठी दोह्याला निघाला आहे. मागे पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी राहणार आहे. "दोनच वर्षांचा प्रश्न आहे," असे तो म्हणतो. आम्हीही जाताना अगदी हेच म्हणालो होतो. म्हणूनच आज या 'दोन वर्षां'विषयी आपल्याशी चार शब्द बोलावेसे वाटले. माणूस 'तात्पुरता' जातो, तेव्हा तो नेमके कोणाला, कसले वचन देत असतो? आणि ते वचन मोडले, तर दोष कोणाचा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. पोटासाठी परदेशी जाणे हे काही पाप नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमांविषयी 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' हे परिपत्रक काढले. त्यात त्यांनी चांगल्या उपजीविकेच्या शोधात मायदेश सोडण्याचा माणसाचा हक्क मान्य केला आहे. त्याच्या जोडीनेच परत येण्याचा हक्कही सांगितला आहे. एक माणूस जातो तेव्हा त्याच्या देशाचे, समाजाचे नुकसान होते, हेही त्यांनी लपवलेले नाही. स्थलांतरितांसाठी ख्रिस्तसभा १९१४ सालापासून दरवर्षी एक खास दिवस पाळत आली आहे. आता तो सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पाळला जातो. तेव्हा जाणाऱ्यांना नावे ठेवण्यासाठी आम्ही लिहीत नाही. आम्ही स्वतःच गेलेले आहोत.

पवित्र शास्त्रात तात्पुरत्या परदेशगमनाची एक जुनी कथा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाने आपल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद लबाडीने घेतला आणि एसाव त्याच्या जिवावर उठला. तेव्हा त्यांची आई रिबका हिने याकोबाला आपल्या भावाकडे, लाबानाकडे, हारानला पाठवले. तिचा हिशेब सरळ होता. थोडे दिवस तिकडे राहावे, एसावाचा राग निवळला की निरोप पाठवून बोलावून घ्यावे. पण हे थोडे दिवस किती झाले? वीस वर्षे! चौदा वर्षे लाबानाच्या दोन मुलींसाठी आणि सहा वर्षे कळपासाठी. तक्रार करताना याकोब म्हणतो की मामाने त्याचे वेतन दहा वेळा बदलले. आखातात करार एक आणि पगार दुसराच, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ही तक्रार फार जुनी वाटणार नाही.

याकोब परतला तेव्हा तो श्रीमंत होता. मेंढरे, उंट, गाढवे, नोकरचाकर, सगळे होते. एसावाने तर धावत येऊन त्याला मिठी मारली. बाप इसहाकही त्याला भेटला. पण रिबका? तिची आणि याकोबाची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख कुठेच नाही. तिला कोठे पुरले, एवढेच पुढे एका वाक्यात येते. तिने बोलावण्याचा निरोप कधी पाठवला का, तेही शास्त्र सांगत नाही. मुलाला 'थोडे दिवस' पाठवणारी आईच त्या थोड्या दिवसांत हरवली.

आता आमची गोष्ट. १९९६ साली आमच्यापैकी एकाला दुबईत वीजकामाची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी दुसऱ्याला तिथेच एका दवाखान्यात नर्सचे काम मिळाले. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. दोन पगारांत दोन वर्षे काढू, कर्ज फेडू आणि येऊ, असे ठरवून त्याला आजी-आजोबांपाशी ठेवले. कर्ज खरोखरच दोन वर्षांत फिटले. पण मग घराचा स्लॅब घालायचा होता. मग धाकट्या बहिणीचे लग्न आले. मग आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, मग विहिरीवर नवा पंप, मग वरचा मजला, मग मुलाचे कॉलेज. बंधुभगिनींनो, यातले एकही कारण खोटे नव्हते. खोटे कारण असते तर आम्हाला ते ओळखता आले असते. प्रत्येक कारण खरे होते, म्हणूनच आम्ही फसलो.

तिथले कायदेही आणखी थोडे थांबायला सांगतात. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. पाच वर्षे भरत आली की माणूस मनात म्हणतो, आता कुठे फायदा सुरू होतोय, आताच कसे निघायचे? दुसऱ्या बाजूने व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की मुक्काम हलला. तिथे कितीही वर्षे राहिलात तरी आपल्यासारख्या नोकरदाराला नागरिकत्व मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच. म्हणजे माणूस कायमचा होत नाही आणि तात्पुरताही राहत नाही. व्हिसाचे नूतनीकरण होत राहते आणि वय वाढत राहते.

राहणीमान बदलते म्हणतात, ते खरे आहे. पण ते दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी बदलते. सुरुवातीची दोन वर्षे एका खोलीत सहाजण, एकावर एक पलंग, भांड्यांवर नावे लिहिलेली. पुढे भाड्याची एक खोली मिळाली, एसी आला, गुरुवारी रात्री बाहेर जेवण आले. सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्साही शुक्रवारीच. १९६७ साली सुरू झालेल्या दुबईच्या सेंट मेरीज चर्चमध्ये मल्याळी, कोकणी, फिलिपिनो अशा सगळ्यांच्या गर्दीत उभे राहून आम्ही देवाचे आभार मानत असू. त्या गर्दीने आम्हाला पुष्कळ आधार दिला. तरी घर म्हणून आम्ही तिथे काही उभे केले नाही. पडदे घ्यायचे तर म्हणायचे, "कशाला, आता जायचेच आहे." शेजाऱ्यांशी मैत्री वाढवायची तर, "कशाला, आता जायचेच आहे." जगणे आम्ही वसईच्या नावाने जमा करून ठेवत होतो, जणू तेही बँकेत ठेवता येते.

आणि इकडे? इकडे काय चालले होते, ते आम्हाला फार उशिरा कळले.

आमच्या वाडीत विहिरीच्या पश्चिमेला एक पट्टा आहे. आम्ही निघालो त्या वर्षी बाबांनी त्यातली जुनी केळी काढली आणि नवी लावली नाहीत. आम्ही सुट्टीवर आलो की ते आम्हाला तिथे नेत आणि म्हणत, "हा तुमचा. येऊन आपल्या मनासारखं लावा." आम्ही मान डोलावत असू आणि महिन्याने विमानात बसत असू. चौदा वर्षे बाबांनी तो पट्टा तसाच ठेवला. २०१० साली आम्ही कायमचे आलो तेव्हा तिथे घाणेरी माजली होती. बाबांना विहिरीपर्यंत चालवत नव्हते. त्यांनी दोषाचा एक शब्दही काढला नाही. फक्त म्हणाले, "तुमच्यासाठीच ठेवला होता."

त्या दिवशी आम्हाला उमगले की तात्पुरते आम्ही एकटे जगत नव्हतो. आम्ही 'दोन वर्षे' म्हणालो आणि बाबांनी त्या शब्दावर आपली जमीन थांबवून ठेवली. मुलानेही काहीतरी थांबवून ठेवलेच असेल. सोळा वर्षांचा तो मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन शाळेतून आला की सहीसाठी सरळ आजोबांकडे जाई. मग कुणीतरी आठवण करून देई, तेव्हा अवघडून आमच्याकडे येई.

कुणी म्हणेल, "पण पैसा आला म्हणून तर आईचे डोळे वाचले, बहिणीचे लग्न झाले. एवढे सगळे मिळवून आता तक्रार कसली?" हे खरे आहे, आणि त्या पैशाबद्दल आम्ही कृतघ्न नाही. पोट भरलेल्या माणसाने भाकरीला नावे ठेवू नयेत. आम्ही गेलो याची आम्हाला खंत नाही. खंत आहे ती ही की, 'पुरे' म्हणजे किती, हे आम्ही कधी ठरवलेच नाही. पवित्र कुटुंबही परदेशी गेले होते. योसेफ, मरिया आणि बाळ येशू इजिप्तला गेले, कारण हेरोद बाळाच्या जिवावर उठला होता. हेरोद मेला, देवदूताने योसेफाला तसे सांगितले आणि ते निघाले. कारण संपले तसा मुक्काम संपला. आमचे एक कारण संपले की आम्ही दुसरे शोधत होतो.

मात्र सगळा दोष जाणाऱ्याच्या माथी मारणे हाही अन्याय होईल. घरी राहिलेल्यांनीही आपल्या मनाला विचारावे. लग्नात शेजाऱ्यांपेक्षा शंभर पाने जास्त उठली पाहिजेत, हा आग्रह कोणाचा असतो? भावाने पाठवलेल्या पैशांतून चांगली फरशी उखडून ग्रॅनाइट घालायचे कोण ठरवते? फोनवर "कधी येतोस?" असे विचारणारे आणि त्याच फोनवर पैशांची नवी यादी सांगणारे आपणच असतो. येणाऱ्याला "परत कधी?" असे आपण सहज विचारतो. पण त्यातून तो एक गोष्ट शिकतो की इथे त्याची जागा पाहुण्याची आहे. एखादा कायमचा परत आला तर आपण कुजबुजतो, "नोकरी गेली वाटतं." परत येण्याचा हक्क ख्रिस्तसभेने मान्य केला आहे, पण गावाने मान्य केला नाही तर त्याचा उपयोग काय?

गेल्या रविवारी रात्री जपमाळ झाल्यावर आम्ही मुलाला आणि सुनेला समोर बसवले. त्याला जाऊ नको म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. पहिली, पैसे कशासाठी हवेत आणि किती. घराचे उरलेले कर्ज आणि मुलीच्या नावे एक ठराविक रक्कम, बस्स. या यादीत नवे काही घालायचे असेल तर चौघांच्या संमतीने, फोनवर घाईघाईत नाही. दुसरी, परतण्याची तारीख. तिसरी सर्वांत अवघड होती. "आता ये" म्हणण्याचा अधिकार कोणाला? मुलगा म्हणाला, "मलाच कळेल की." आम्ही म्हणालो, "बाबा रे, तिथे असलेल्या माणसाला ते कधीच कळत नाही. आम्हाला चौदा वर्षे कळले नाही." मग सून बोलली. एरवी ती फार बोलत नाही. म्हणाली, "तो अधिकार मला द्या. मी बोलावलं तर यायचं. कारण विचारायचं नाही." थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मुलाने ते लिहिले आणि खाली सही केली.

कागद म्हणजे काही देवाची आज्ञा नव्हे, हे आम्ही जाणतो. परिस्थिती बदलते, माणसे बदलतात. कदाचित तारीख पुढे जाईलही. पण गेली तर ती चौघांना ठाऊक असून जाईल, नकळत सरकणार नाही. रिबकाच्या हिशेबात नेमके हेच राहून गेले होते.

आपल्या धर्मग्रामातून आज अनेक मुले-मुली बॅगा भरीत आहेत. कोणी आखातात, कोणी कॅनडाला, कोणी बोटीवर. त्यांच्या आईवडिलांना आमची एवढीच विनंती की, निरोपाच्या जेवणाआधी असे एकदा समोरासमोर बसा. आणि बाकीच्यांना विनंती की, या नाताळला आवारात कोणी भेटला तर "परत कधी?" हा प्रश्न गिळून टाका. "बरा आहेस ना? घरी ये," एवढे म्हटले तरी पुरे.

आणखी एक. तो पश्चिमेचा पट्टा आम्ही आल्यावर साफ केला होता, पण बाबा गेल्यानंतर पुन्हा पडूनच राहिला. यंदा सून आणि आम्ही मिळून त्यात केळी लावणार आहोत. मुलाची वाट पाहणार नाही. केळीचा घड हाती यायला वर्ष-सव्वा वर्ष लागते. तेव्हा पहिला घड त्याच्याशिवायच उतरेल आणि घरात ती गोडी त्याच्याशिवायच चाखली जाईल. बुंध्याशी येणाऱ्या पिल्लाचा घड मात्र दोन वर्षांच्या सुमारास तयार होतो. तो त्याच्या हाताने उतरावा, एवढीच प्रभूपाशी आमची प्रार्थना आहे.