मजुरीचे किती?

सप्टेंबरमध्ये बाबांनी सोसायटीच्या गेटच्या खांबाला गाडी घासली. २०१२ची सिल्व्हर वॅगनआर. मागच्या बंपरचा डावा कोपरा हातभर लांब खरवडला गेला. पत्र्याला काही झालं नाही. बाबा खाली उतरले, बंपरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "गॅरेजला टाकून ये, होईल दोन दिवसांत."

धायरीच्या आमच्या घरापासून पाच मिनिटांवर डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची रांगच आहे. त्यातल्या एका वयस्कर पेंटरने बंपर बघून बत्तीसशे सांगितले. मी विचारलं, "मामा, त्यात रंगाचे किती आणि मजुरीचे किती?" तो म्हणाला, "रंग-बिंग सगळं मिळून सात-आठशे." म्हणजे एका प्लॅस्टिकच्या कोपऱ्यावर रंग मारायचे चोवीसशे? मनात पहिला शब्द आला तो 'लुटतात'. तो मी बोललो नाही, पण "बघून सांगतो" म्हणून निघालो. त्या रात्री यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले. चारही जणांचं काम बारा-पंधरा मिनिटांत झालं होतं.

मी इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअरचा असलो तरी डिग्रीवर नुसतं इंजिनिअर असंच छापलंय, आणि आपल्याला काहीही जमू शकतं हा समज त्या डिग्रीबरोबर फुकट मिळतो. शिवाय स्वतःच्या हाताने काम करण्याला आजकाल एक नैतिक चमक आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस शनिवारी हाताला रंग लावून घेतो तेव्हा तो फक्त पैसे वाचवत नसतो, तो चांगला माणूस होत असतो. निदान स्टेटस तरी तसं ठेवतो. मीही ठेवलं.

आता जरा तपशील सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. गाडीचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा असतो. रोजच्या वापरातले कितीतरी डबे याच प्लॅस्टिकचे असतात, आणि त्यांच्यावर साधा रंग धरत नाही. म्हणून आधी प्लॅस्टिकसाठीचा वेगळा प्रायमर लागतो, मग नेहमीचा प्रायमर, मग रंग म्हणजे बेसकोट, आणि शेवटी क्लिअर, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट लॅकर म्हणतात. चकाकी त्या शेवटच्या थराची. खालचा रंग एकटा असेल तर गाडी खडूने रंगवल्यासारखी दिसते. कंपनीतून येताना हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण एक दशांश मिलिमीटर. आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास. तेवढ्यात ऊन, पाऊस, कबुतरं, सगळं सोसायचं.

थर चढवण्याआधी घासायचं. खड्ड्यात लांबी भरायची, वाळू द्यायची, पाण्याच्या पेपरने घासायची. आधी चारशे नंबर, मग सहाशे, मग आठशे. बोटांची कातडी पांढरी पडेपर्यंत घासलं आणि मला वाटलं झालं. पण लांबी आणि जुना रंग जिथे मिळतात ती कड डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. माझ्या हाताला तीही लागली नाही, कारण ती लागते हेच मला ठाऊक नव्हतं. वर रंग चढला तेव्हा ती कड नकाशातल्या सीमारेषेसारखी स्पष्ट उमटली.

त्यात रंग सिल्व्हर. पांढरा असता तर कदाचित निभावलं असतं. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते कसे आडवे पडतात यावर शेड ठरते. डबा किती लांब धरला, हात किती वेगाने फिरला, रंग ओला बसला की कोरडा, या सगळ्याने तोच रंग गडद नाहीतर फिका दिसतो. म्हणजे डब्यावर बरोबर कोड असून भागत नाही, हातही बरोबर लागतो. माझ्या हाताने कोपऱ्यात दोन ओघळ आणले, मधला भाग संत्र्याच्या सालीसारखा केला आणि एका कडेला काहीच पोचवलं नाही. क्लिअर मारला त्या दिवशी हवा दमट होती. रात्रीतून त्यावर दुधासारखी साय आली. आणि शेजारच्या काकांच्या काळ्या ॲक्टिव्हावर बारीक चंदेरी धूळ बसली होती. ती मी पहाटे सहा वाजता उठून गुपचूप पुसली.

खर्चाचा हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवला होता. प्लॅस्टिक प्रायमर ४८०, प्रायमर ४५०, बेसकोट ६००, क्लिअर ५५०, पेपर आणि टेप २००, कंपाउंड ३५०. एकूण २६३० रुपये. वेळ दोन शनिवार आणि एक रविवार मिळून चौदा तास. त्या कॉलममध्ये दर लिहायला माझा हात धजावला नाही.

आमची कंपनी मला एका परदेशी क्लायंटला तासावर विकते. एका तासाचा जो दर लावते त्यात आमच्या बंपरसारखे दोन बंपर आरामात रंगून होतील. त्या बिलावर आजवर कोणी विचारलेलं नाही की बाबांनो, यात मटेरियलचे किती? माझं मटेरियल शून्य आहे. थोडी वीज आणि चहा. मी जे विकतो ती निव्वळ मजुरीच, फक्त तिला मजुरी म्हणत नाहीत. 'हे माझा भाचा कॉलेजात शिकतो तोही करून देईल' असं एखाद्या क्लायंटने म्हटलं की आमची अख्खी टीम तो किस्सा महिनाभर चघळते. पेंटरसमोर तो भाचा मी होतो.

बाबांनी बंपर बघितला. काही बोलले नाहीत. मग जेवताना म्हणाले, "अरे, शिकलास ते चांगलं. पण तू शिकायला गेला नव्हतास. तो महाग सांगतोय हे सिद्ध करायला गेला होतास."

तेव्हापासून मी या एका गोष्टीपाशी अडकलोय. स्वतः काम करणं हा स्वावलंबनाचा गुण आहे की दुसऱ्याच्या मजुरीवर घेतलेला संशय? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत माणूस बाही वर करून बसलेला असतो.

आपल्याकडे स्वावलंबन म्हटलं की गांधी आठवतात. 'सत्याचे प्रयोग'मध्ये त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या धोबीकामाची हकिगत आहे. धोब्याचा खर्च फार आणि कपडे वेळेवर येत नाहीत, म्हणून त्यांनी सामान आणलं, पुस्तक वाचलं आणि कॉलर घरीच धुतली. जळेल या भीतीने इस्त्री नीट दाबली नाही, खळ मात्र भरपूर झाली. ती कॉलर घालून कोर्टात गेले तर खळ गळायला लागली आणि सोबतचे वकील हसले. ओघळ त्यांच्याकडेही होतेच तर. पुढे हात बसला. १९१२ साली गोखले आफ्रिकेत आले तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेलं त्यांचं जपून ठेवलेलं उपरणं चुरगळलेलं होतं, आणि समारंभ तोंडावर होता. गांधी म्हणाले, मी इस्त्री करून देतो. गोखल्यांनी साफ सांगितलं, वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, धोबी म्हणून नाही. मला हे उत्तर फार आवडतं. एका कामातली हुशारी दुसऱ्या कामात आपोआप चालत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. (इस्त्री शेवटी गांधींनीच केली आणि ती चांगली झाली, हेही सांगायला हवं.)

पण त्याच प्रकरणातली केस कापण्याची गोष्ट जास्त टोचते. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला म्हणून त्यांनी मशीन विकत घेतलं आणि आरशासमोर स्वतःच कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले. पुन्हा कोर्टात हशा. ही झाली स्वावलंबनाची गोष्ट. मात्र ती लिहिताना गांधी न्हाव्याला दोष देत नाहीत. काळ्या माणसाचे केस कापले तर त्याचं गिऱ्हाईक तुटलं असतं, आणि आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाहीच ना, असं त्यांचं म्हणणं. स्वतः काम करताना त्यांना समोरच्या कारागिराची अडचण दिसली. मला चौदा तास घासूनही फक्त माझेच हात दिसत होते.

आणखी एक कबुली. आमच्या घरात हातात हत्यार धरणं छंद म्हणून चालतं, पोटासाठी म्हणून नाही. मी रंगारी झालो असतो तर आजी रडली असती. मी रविवारी रंग मारतो तर ती फोनवर मावशीला कौतुकाने सांगते. बंपर बिघडला तरी माझं काहीच बिघडत नाही, ही सोय मला जन्माने मिळाली आहे. तीच वापरून मी पेंटरच्या दरावर शंका घेत होतो.

अर्थात संशय नेहमीच खोटा नसतो. रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' या पुस्तकातला माणूस आपली बाइक स्वतः दुरुस्त करतो. त्यामागे रेडिओ लावून निष्काळजीपणे ठोकाठोक करणाऱ्या एका गॅरेजचा अनुभव आहे. त्याला किमतीबद्दल शंका नव्हती, आस्थेबद्दल होती. तसं झालं तर जरूर स्वतः करावं. पण मी त्या पेंटरचं काम बघितलंच नव्हतं. मी फक्त आकडा ऐकला होता.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घेऊन त्याच्याकडेच गेलो. त्याने बंपरवर डोळे मिटून तळवा फिरवला आणि विचारलं, "कुणी केलं?" मी म्हणालो, "मीच." तो हसला नाही. म्हणाला, "हे सगळं काढावं लागेल. अडतीसशे." आणि इथे मी काय करावं? घासाघीस केली. निम्मं घासून तर मीच दिलंय, असलं काहीतरी बोललो. चौतीसशेवर ठरलं.

काम होताना मी तिथेच उभा राहिलो, म्हणून पुढचं दिसलं. त्याने क्लिअरमध्ये हार्डनर मिसळला, गन भरली, तोंडावर रुमाल बांधला आणि मारायला लागला. शेजारी सतरा-अठराचा पोरगा पाइप सावरत उभा. त्याच्या तोंडावर रुमालही नव्हता. हार्डनरवाला क्लिअर माझ्या डब्यातल्या क्लिअरपेक्षा कितीतरी टिकाऊ, पेट्रोल सांडलं तरी सहसा उतरत नाही. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये १९८४ साली गळला तो वायू याच रासायनिक कुळातला. हार्डनरमधलं रसायन वेगळं, त्याच्यासारखं पटकन उडून जाणारं नाही, पण गनमधून निघणाऱ्या तुषारांबरोबर ते छातीत जातं. त्याने दमा होतो. एकदा शरीराने ते मनावर घेतलं की नंतर अगदी थोड्यानेही झटका येतो. आणि वास येत नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. ब्रिटनमध्ये हे काम बंद बूथमध्ये, बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लावून करायचं असतं. आमच्या धायरीत ते पत्र्याच्या शेडमध्ये होतं. शेडच्या एका बाजूला भिंतच नाही, तेवढंच काय ते व्हेंटिलेशन.

चोवीसशे रुपयांत हे कुठे बसत होतं? माझ्या एक्सेलमध्ये त्याला कॉलमच नव्हता. त्याच्याही हिशोबात नसावा. तो दर ठरतो शेजारच्या गॅरेजवाल्याच्या दरावरून, आणि शेजारच्याचा दर माझ्यासारख्या गिऱ्हाइकाच्या "बघून सांगतो" वरून.

मग यापेक्षा स्वतः केलेलं बरं, असंही म्हणता येत नाही. पार्किंगमध्ये मी तीन दिवस थिनरचा वास सोडला, तिथे लहान मुलं सायकल खेळतात. आणि मी घरी केलं म्हणून त्याची छाती वाचत नाही, त्याचं फक्त एक काम जातं.

बंपर झाला. कुठे धरलं होतं हे मला शोधून सापडलं नाही. मी फोनवरून पैसे पाठवले आणि स्पीकर ओरडला, तीन हजार आठशे रुपये. पेंटरने मान वर केली. "चारशे जास्त आले, साहेब."

"राहू द्या."

"कशाचे?"

मला सांगता आलं नाही. त्याने डायरी काढली, गाडीचा नंबर लिहिला, पुढे चारशे लिहिले. "पुढच्या कामात धरतो."

पुढच्या आठवड्यात मी एक मास्क नेऊन दिला, दोन्ही बाजूंना फिल्टरच्या डब्या असलेला. हार्डनरच्या कामाला तोही पुरेसा नाही हे वाचलं होतं, पण रुमालापेक्षा बरा. त्याने घेतला, उलटसुलट बघितला, "चांगला आहे" म्हणाला. दिवाळीनंतर चाकात हवा भरायला गेलो तेव्हा तो शेडमधल्या खिळ्याला टांगलेला होता. पट्ट्यांवर धूळ होती. पोरगा एका बोनेटवर क्लिअर मारत होता. आता गन त्याच्या हातात आली होती.

मी विचारलं, "मामा, मास्क का नाही लावत?"

"गरम होतं. श्वास कोंडतो. घाम डोळ्यांत उतरला की हात हलतो आणि ओघळ येतो. ओघळ आला की गिऱ्हाईक बोलतं."

"बूथ केला तर? नळीची हवा वगैरे?"

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. "करतो की. मग ह्याच बंपरचे साडेपाच हजार घेईन. तुम्ही येणार?"

मी हो म्हणालो. जरा जास्तच पटकन म्हणालो.

तो बराच वेळ हसला. "साहेब, चारशे कमी करायला दहा मिनिटं उभे होतात तुम्ही."