एक खोडरबर आणि दोन बोटं

आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या बरोबर वर एक फ्रेम आहे. मी इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा ए ग्रेडमध्ये उत्तीर्ण झालो, असं सांगणारं सरकारी प्रमाणपत्र तीत आहे. साल १९७१. पुढे मी बँकेत चिकटलो आणि कॅलेंडरच्या पाठीवर गणपती काढण्यापलीकडे चित्रकलेशी संबंध ठेवला नाही. पण पाहुणे फ्रेमकडे बघतात, "वा, तुमच्यात कलाही आहे!" म्हणतात, आणि मी "छे छे, ते आपलं शाळेतलं" असं इतक्या नम्रपणे म्हणतो की त्यांचा गैरसमज पक्का व्हावा.

याच फ्रेमच्या भरवशावर धाकट्या भावाने आपली मुलगी शिकायला आमच्याकडे पाठवली. चिमी चित्रकलेच्या फाउंडेशनच्या वर्गात आहे. "काकांचं मार्गदर्शन मिळेल," असं भाऊ म्हणाला. मी फ्रेमकडे पाहिलं आणि हो म्हणालो.

चिमीचं शिक्षण दोन पाळ्यांत चालतं. दिवसा कागद आणि २बी पेन्सिल. तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं: महिनाभर खोडरबर आणायचं नाही. त्या महिन्यात आमच्या घरातला एकही तांब्या शांतपणे पाणी पिऊ देईना. तो खिडकीत मॉडेल म्हणून बसलेला असायचा. तांब्याचं तोंड म्हणजे लंबवर्तुळ, आणि लंबवर्तुळ म्हणजे काय प्रकरण आहे हे तुम्हाला ते काढल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्या आठवड्यात चिमीचे तांबे कुणीतरी बसून गेल्यासारखे दिसत. मग सरांनी मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवायला शिकवलं. एका तोंडासाठी सात-आठ हलक्या रेघा, त्यातली बरी तीच गडद करायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. सहा महिन्यांत तांब्यात पाणी राहील असा विश्वास वाटू लागला.

रात्रीची पाळी टॅब्लेटवर. तिथे नाना सुखसोयी. रेघ थरथरली तर स्टॅबिलायझर नावाचा गृहस्थ ती सरळ करून देतो. चित्राचे थर असतात. आकाश एका थरावर, झाड दुसऱ्यावर, आकाश नको झालं तर झाडाला न दुखवता काढून टाका. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे पडद्यावर दोन बोटं टेकवली की शेवटची चूक नाहीशी. पुन्हा टेकवा, तिच्या आधीची नाहीशी. चिमीनेच मला सांगितलं की १९९० साली फोटोशॉप बाजारात आलं तेव्हा त्यात एकच चूक मागे घेता येई, तीही शेवटचीच. ओळीने अनेक चुका पोटात घालायला ते १९९८ साली शिकलं. आमच्या बायकोला अजून जमलेलं नाही.

या सोयीचा परिणाम मात्र विचित्र झाला. एकदा चिमी कागदावर तांब्या काढत होती. कान चुकला, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आपोआप कागदावर टकटक करू लागली. कागद ढिम्म. आम्ही दोघेही खूप हसलो. पण मी नंतर बराच वेळ त्या दोन बोटांचा विचार करत राहिलो.

परवा ती माझ्यापुढे टॅब्लेट घेऊन बसली. एका स्पर्धेसाठी तिने आजीचं चित्र काढलं होतं. आजी भाजी निवडते आहे. चित्र खरोखर सुरेख.

"काका, एक विचारू? हात जमतच नव्हते. मग आजीचा फोटो खालच्या थरावर ठेवला, त्यावरून गिरवले आणि फोटो पुसून टाकला. मी काढलं म्हणू ना?"

मार्गदर्शनाची संधी अशी वर्षातून एकदाच येते. मी चष्मा काढला. म्हणालो, "चिमे, आमच्या काळी बँकेत खातेवहीत चूक झाली तर खोडरबर चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. चूक दिसली पाहिजे, ती कोणाची हेही दिसलं पाहिजे. तुझ्या त्या दोन बोटांत सही कुठे आहे?"

चिमी मोठी वस्ताद. म्हणाली, ड्यूररने १५२५ सालच्या पुस्तकात काचेतून माणसाकडे बघत त्याच काचेवर त्याला उतरवून घेणारा चित्रकार छापलाय, लपवलेला नाही. मी म्हटलं, तेच तर! छापलाय म्हणजे सांगितलंय. मग ती व्हेलास्केझवर आली. त्याने चौथ्या फिलिप राजाला घोड्यावर बसवलं, घोड्याचे पाय मनासारखे झाले नाहीत म्हणून रंगाने झाकले आणि नवे काढले. काळाने वरचा रंग पारदर्शक होत गेला, आणि आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जुन्या पायांच्या सावल्याही दिसतात.

"म्हणजे झाकलेलं वर येतंच का, काका?" तिने विचारलं.

साधा प्रश्न. पण मी नेमका फ्रेमखाली बसलो होतो.

त्याचं असं आहे. १९७१ साली स्मरणचित्राच्या पेपरला विषय आला होता पावसातला बसस्टॉप. मला बस येत होती, माणसं येत नव्हती. शेजारच्या बाकावर माझा मित्र होता. सायकल दुकानवाल्याचा मुलगा, पण त्याच्या पेन्सिलीतून माणसं चालत बाहेर यायची. पर्यवेक्षक चहासाठी दाराशी गेले. मी त्याच्याकडे पाहिलं. एवढंच केलं, पाहिलं. त्याने माझा कागद ओढला आणि एका छत्रीखाली तीन माणसं उभी केली. मी त्यांत रंग भरला. पर्यवेक्षक वळेपर्यंत बराच वेळ गेला होता. त्याचं स्वतःचं चित्र अर्धं कोरं राहिलं. मला ए मिळाला, त्याला सी. तो पुढे चित्रं शिकायला गेला नाही. सी मिळाला म्हणून गेला नाही असं मी म्हणत नाही. घरची परिस्थितीही होती. 'परिस्थितीही होती' हे वाक्य मी पन्नासहून अधिक वर्षं जपून ठेवलंय. त्याने फ्लेक्सचे फलक येईपर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लग्नकार्यात भेटतो. त्या पेपरबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

हे सगळं मी चिमीला सांगितलं. कसं सांगितलं गेलं कोण जाणे. ती गप्प. मग अगदी सहज म्हणाली, "मग तुमच्या बँकेसारखं करा ना. नावावर एक रेघ, वर बरोबर नाव, बाजूला सही."

फ्रेम उतरवली. मागे भिंतीवर जुन्या रंगाचा स्वच्छ चौकोन निघाला, प्रमाणपत्रापेक्षा जास्त नजरेत भरणारा. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आता काय काढलंत?" मी पेन उघडलं, मिटलं. आणि मित्राला फोन लावला.

"अरे, ती छत्री," मी सुरुवात केली.

"बसस्टॉपची ना?" तो लगेच म्हणाला. म्हणजे त्याच्याही भिंतीवर काहीतरी होतंच. "मला ती कित्येक दिवस झोपू देत नव्हती रे. घाईत काड्या सातच काढल्या. छत्रीला आठ असतात. त्यांनी ए दिला तरी कसा तुला?"

"आणि तुझं चित्र?"

"माझं? ते राहिलंच ना," तो म्हणाला. थोडा थांबला. मग पुन्हा काड्यांवर आला. एक काडी माणसाच्या डोक्याआड धरली तर सात चालतात म्हणे, पण त्याने तसं डोकं ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, ये एकदा घरी. पुतणी चित्रं काढते, तिला माणसं शिकव. तो म्हणाला, हात आता थरथरतो. मी म्हटलं, त्यावर इलाज निघालाय, ये तर खरा.

फोन ठेवला तेव्हा चिमी स्पर्धेच्या अर्जात आजीच्या हातांखाली काहीतरी लिहीत होती. मी डोकावलो नाही. थोड्या वेळाने ती उठली, माळ्यावरून आमची जुनी काळी छत्री काढली, ऐन एप्रिलात दिवाणखान्यात फटकन उघडली आणि मोठ्याने काड्या मोजू लागली.