पूर्वपरिचित प्रश्न आणि मिथ्याचार

इंद्रिये आवरून बसलेल्या, पण मनात विषयांचेच चिंतन चालविणाऱ्या मनुष्यास भगवंतांनी तिसऱ्या अध्यायाच्या ६ व्या श्लोकात 'मिथ्याचारी' असे नाव दिले आहे. आत एक आणि बाहेर एक ही स्थिती केवळ आसन घालून बसणाऱ्यांच्याच वाट्यास येते असे नाही. सॉफ्टवेअर अभियंत्याच्या नोकरीसाठी मुलाखतीस बसणाऱ्या तरुणापुढेही ती उभी राहते, आणि गीतेच्या अभ्यासकाने तिचा विचार अवश्य करावा असे आम्हांस वाटते.

ह्या मुलाखतीची रीत अशी. परीक्षक एक कूटप्रश्न घालतो. पाऊण तासाच्या आत उमेदवाराने मोठ्याने विचार करीत त्याचे उत्तर शोधावयाचे व संगणकाच्या भाषेत लिहावयाचे. उत्तराइतकीच त्याची विचारपद्धती पाहावी, हा हेतू. परंतु असले प्रश्न काही अगणित नाहीत. गेल लाकमन मॅकडॉवेल ह्या लेखिकेच्या ह्या विषयावरील प्रसिद्ध पुस्तकाच्या २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न उत्तरांसह दिले आहेत. लीटकोडवर तर ते हजारोंनी मिळतात. बंगळूर, हैदराबाद, पुणे येथील मुले महिनोन्महिने ते सोडवीत असतात. तेव्हा परीक्षकाने घातलेला प्रश्न नेमका कालच सोडविलेला निघावा, ह्यात नवल ते काय?

एक उदाहरण घेऊ. 'लिंक्ड लिस्ट' म्हणजे अशी साखळी की, जिच्या प्रत्येक कडीत पुढच्या कडीचा पत्ता असतो. ही साखळी पुढे कोठे स्वतःलाच जोडली जाऊन तिचे चक्र झाले आहे काय, हे जास्तीची जागा न वापरता ओळखावयाचे. उत्तर मोठे सुंदर आहे. आरंभापासून दोन प्रवासी निघावेत. कासवाने एकेक कडी चालावे, सशाने दोनदोन. चक्र नसेल तर ससा शेवटास पोचेल. असेल तर दोघेही चक्रात शिरल्यावर त्यांच्यातील अंतर पावलागणिक एकाने घटत जाईल आणि ते एकाच कडीवर येतील. रॉबर्ट फ्लॉइड ह्या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. पाऊण तासात ती स्वबुद्धीने सुचणारा विरळा. बहुतेकांस ती वाचूनच ठाऊक असते. तरीही उमेदवार कपाळाला आठ्या घालतो, मुद्दाम एक चुकीचा मार्ग सुचवितो, थोडा थांबतो, आणि आत्ताच सुचले अशा मुद्रेने कासव व ससा पुढे आणतो.

दोष अभ्यासात नाही. वाऱ्याने दिवा विझला असताही जेवताना आपला हात सवयीने मुखाकडेच जातो हे पाहून अर्जुनाने रात्री अंधारात बाण मारण्याचा अभ्यास आरंभिला, ही आदिपर्वातील कथा प्रसिद्धच आहे. पण परीक्षेच्या वेळी आपण धनुष्य प्रथमच हाती धरीत आहोत असे सोंग त्याने आणले नाही. दोष आहे तो ह्या सोंगात. परीक्षक विचार पाहावयास बसला आहे, आणि त्याला स्मरण हेच विचार म्हणून दाखविले जात आहे. (दुसऱ्या यंत्राकडून गुपचूप उत्तरे मिळविणाऱ्यांविषयी आम्ही लिहीत नाही, ती उघड चोरी आहे, तिला मीमांसा नको.)

कोणी म्हणेल, सर्वच असे करतात आणि परीक्षकही ते जाणतो. मग हा मान्य संकेतच झाला. आक्षेप पोकळ नाही. नट रंगभूमीवर राजा होतो तेव्हा तो कोणास फसवीत नसतो. परंतु नटाला आपण नट आहो हे सांगण्याची लाज वाटत नाही. येथे मात्र सोंग उघडे पडले की उमेदवार ओशाळतो. त्याला संकेत कसे म्हणावे?

वर उल्लेखिलेल्या पुस्तकातही, प्रश्न पूर्वी ऐकलेला असल्यास तसे सांगावे, असाच सल्ला आहे. मात्र त्याने प्रामाणिकपणाचे गुण पदरी पडतात, असे कारण तेथे दिले आहे. सल्ला योग्य, कारण अपुरे. गुण मिळतील म्हणून सत्य बोलावे, तर ज्या दिवशी परीक्षक 'बरे' म्हणून दुप्पट कठीण प्रश्न घालील व नोकरी हातची जाईल, त्या दिवशी काय? कर्णाला झालेला परशुरामांचा शाप सांगून भय घालणारेही फळाचाच हिशेब मांडतात, फक्त उलट्या बाजूने. दुसऱ्या अध्यायाच्या ४७ व्या श्लोकाने हा हिशेबच बाजूस सारला आहे.

ज्याच्या घरी शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्यास हे सोपे नाही. पोट भरलेल्याने असे लेख लिहावेत, असेही कोणी आम्हांस ऐकवील, आणि ते आम्ही ऐकून घेऊ. पण त्या तरुणाने काही मोठे भाषण करावयाचे नाही. 'हा प्रश्न मी पूर्वी सोडविला आहे. आपण म्हणाल तर रीत व तिचे कारण सांगतो, अथवा दुसरा द्यावा,' एवढे पुरे. आणि अर्धवटच आठवत असेल तर? तेही तसेच सांगावे: कासव आणि ससा आठवतात, ते का भेटतात हे जुळवून पाहतो. मग फळ्यापाशी तो जे जुळवीत जाईल, तेच पाहावयास परीक्षक बसलेला असतो.